उस्मानभाऊंचा निकाल

उस्मानभाऊ मुलाणींनी मला पहिल्याच भेटीत गप्प बसवलं. मला गप्प बसवू शकणारी माणसं मावळात फार नाहीत, हे आमच्या शाळेतलं कुणीही सांगेल, त्यामुळे तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे.

त्यांची मुलगी रुखसाना माझ्या वर्गात होती. चार दिवस शाळेत आली नाही म्हणून मी मळवली स्टेशनच्या पलीकडे, त्यांच्या गावी गेले. तिची आई जैतूनभाभी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. पोरीला ताप होता, तेवढं समजलं. पण साधी चिठ्ठी पाठवायला काय झालं होतं, आणि वडील कुठे आहेत, असं विचारलं तर भाभी सुपातून मान वर न काढता म्हणाल्या, "पिक्चर बघाया गेल्यात." मंगळवारची भरदुपार, पोर तापाने फणफणलेली, आणि बाप पिक्चर बघतोय. माझं डोकंच फिरलं. कुठल्या टॉकीजला, म्हणून विचारलं तर भाभींनी समोरच्या टेकाडावरच्या बंगल्याकडे बोट दाखवलं.

त्या बंगल्याचे उस्मानभाऊ राखणदार. मी तरातरा टेकाड चढून गेले आणि ज्या खोलीतून आवाज येत होता तिचं दार ढकललं. आत अंधार, समोर भिंतभर पडदा, आणि आठ खुर्च्यांपैकी एकीवर पांढऱ्या टोपीतला एक माणूस ताठ बसलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मान न वळवता हात वर केला. "चपला भाईर काढा, बाई. आन् बसा. मरायला टेकलाय त्यो, मरू द्या. मग बोलू." पडद्यावर कुठल्याशा परदेशातला एक म्हातारा खाटेवर पडला होता. मी चपला काढल्या आणि बसले. अजून मला कळलेलं नाही का बसले. म्हातारा मरायला वीस मिनिटं लागली आणि तोवर माझा राग कुठे गेला ते समजलं नाही.

मग त्यांनी दिवा लावला आणि माझी माफी मागितली, चिठ्ठीची. पिक्चरची नाही.

ती खोली कशी आली ते सांगायला हवं. मालक मुंबईचे, आणि त्यांना एकच नाद. जगात कुठेही जो सिनेमा पहिलं बक्षीस मिळवेल तो त्यांच्या कपाटात आला पाहिजे. बघायला मात्र त्यांना सवड नव्हती. आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओला होतो, तिथे यंत्र बंद पडून राहिलं की त्याला बुरशी धरते. म्हणून मालकांनी हुकूम सोडला होता की आठवड्यातून एकदा दोन-तीन तास प्रोजेक्टर चालवायचाच. चालवायचा तर काहीतरी लावणं आलं. उस्मानभाऊंनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातली पहिली डिस्क लावली आणि ओळीने पुढे जात राहिले. मी भेटले तेव्हा ते तिसऱ्या कप्प्यात होते. पावसाळा संपला तरी हुकूम त्यांनी आपल्या मनाने चालूच ठेवला होता.

आमची शाळा सकाळची. मीही मंगळवारी दुपारी जायला लागले. आधी कुतूहल म्हणून गेले, मग सवय झाली. लोक काय म्हणतील याची मी तशीही फार पर्वा करत नाही, आणि भाभी स्वतः चहा घेऊन यायच्या, मागच्या खुर्चीवर बसून गोधडी शिवायच्या.

तिथले नियम उस्मानभाऊंचे. आत काही खायचं नाही. मोबाईल चपलेजवळ ठेवायचा. बक्षीसही चपलेजवळ ठेवायचं, असं ते म्हणायचे. म्हणजे डिस्कच्या वेष्टनावर कुठल्या बक्षिसाचा शिक्का आहे ते त्यांनी कधी मला आधी बघू दिलं नाही. "बक्षीस कळलं का डोळं वाकडं बघत्यात," म्हणायचे. आणि संपल्यावर चहा येऊन पिऊन होईपर्यंत कुणी एक शब्द काढायचा नाही. चहा झाला की निकाल. निकाल तीनच प्रकारचे: खरा, खोटा, आणि बक्षिसापुरता.

खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती आणि भाषा तर कुठल्या कुठल्या. म्हणून ते हात बघायचे. माणूस काम करताना हात कसे चालतात, तेवढ्यावर त्यांची सगळी पारख. एका सिनेमात एक कोळी जाळं विणत होता. जगभर वाखाणलेला सिनेमा, हे मला नंतर कळलं. उस्मानभाऊ पाचव्या मिनिटाला पुटपुटले, "बोटाकडं बघतोय बगा. जन्मभर जाळी विननारा बोटाकडं बघंल व्हय? त्यो दर्याकडं बघंल न्हाई तर बायकूकडं." निकाल, बक्षिसापुरता. दुसऱ्या एकात खूप पाऊस होता, नायिका भिजत रडत होती, मीसुद्धा डोळे पुसत होते. हे शांतपणे म्हणाले, "मागचं झाड कोरडं हाय, बाई." मी भूगोल शिकवते, आणि मला ते झाड दिसलं नव्हतं. मग मला पुढचा अर्धा तास त्या झाडाशिवाय काही दिसेना, याचा मला अजून राग आहे.

तिसरे प्रेक्षक धोंडूआबा. गावातलं मोठं शेतकरी घर, भैरोबाच्या जत्रेचा कारभार त्यांच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या. उस्मानभाऊ आणि ते लहानपणी एकत्र गुरं राखायचे. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, उस्मानभाऊ एकटे धोंड्या म्हणायचे, आणि आबा त्यांना उस्मान्या. आबा सिनेमाला यायचे आणि झोपायचे. सुरुवातीची नावं संपेपर्यंत घोरायला लागायचे. चहाच्या कपाचा आवाज झाला की जागे होऊन विचारायचे, "मग? कसा हाय, उस्मान्या?" उस्मानभाऊ म्हणायचे, "खोटा." आबा म्हणायचे, "मला वाटलंच." एकदा मी आबांना चिडवलं की झोपेत कसं वाटलं तुम्हाला, तर ते गंभीरपणे म्हणाले, "उस्मान्यावर माझा इस्वास हाय." उस्मानभाऊ त्यावर हसले नाहीत. त्यांनी आबांची उशीसारखी घडी केलेली घोंगडी उचलून खुर्चीवर नीट ठेवली.

त्यांच्या निकालाला मी नंतर नंतर घाबरायला लागले होते, कारण तो माणूस स्वतःलाही सोडायचा नाही. एका सिनेमात नवऱ्याचं प्रेत दारात असताना बायको हसते. उस्मानभाऊंनी तो खोटा ठरवला होता, अगदी ठणकावून. त्याला वर्ष होऊन गेलं असेल. एके सकाळी मी वर्गात नद्यांचे नकाशे काढून घेत होते, आणि हे दारात उभे. चेहरा सुकलेला. मी बाहेर गेले. म्हणाले, "बाई, त्यो पिक्चर खरा व्हता. माझी भन कालच्याला हसली." त्यांचे मेव्हणे आदल्या दिवशी वारले होते. बहीण मयताजवळ बसून हसत होती, थांबेना. माती देऊन आल्यावर सकाळी पहिल्या गाडीने ते मला निकाल बदलला हे सांगायला आले होते. मी म्हटलं, एवढं काय, मंगळवारी सांगितलं असतं. ते म्हणाले, "तवर त्यो पिक्चर खोटाच ऱ्हायला असता की."

आता जत्रेचं. भैरोबाच्या जत्रेला नवसाची बकरी असतात, आणि सुरी धरायची ती मुलाण्यानेच, असा गावाचा रिवाज. आदल्या दिवशी कारभाऱ्याच्या घरून कुणीतरी पानसुपारी घेऊन मुलाण्याच्या दारी जातं, बोलावणं देतं. तो येतो, दुवा म्हणतो, सुरी लावतो. त्याच्या वाट्याचं मटण त्याच्या घरी जातं. उस्मानभाऊंच्या वडिलांनी केलं, आजोबांनी केलं.

पाच-सहा वर्षांपूर्वी गावातल्या काही तरुणांनी ठरवलं की बाहेरचा माणूस कशाला, आपलं आपण करू. मोबाईलवरून तेव्हा जे काय येत होतं ते सगळ्यांनाच माहीत आहे. उस्मानभाऊ आणि बाहेरचे! त्यांचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. या तरुणांचा म्होरक्या आबांचाच मुलगा, संतोष. जत्रेच्या कमिटीच्या बैठकीत आबा काही बोलले नाहीत. पानसुपारी गेली नाही. जत्रेच्या दिवशी उस्मानभाऊ पहाटे अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, सुरीला धार लावून उंबऱ्यावर बसले, की बोलावणं चुकून राहिलं असेल, येईल. दुपारपर्यंत बसले. मटणाचा वास सगळ्या गावात सुटला तेव्हा उठले.

पुढच्या वर्षी म्हाताऱ्यांनी कुरकुर केली म्हणून पुन्हा बोलावणं सुरू झालं. ते गेले, मुकाट्याने काम केलं. मंगळवारी आबा येत राहिले, घोरत राहिले. मला या गोष्टीतलं अक्षरही माहीत नव्हतं. गावात कुणी बोलत नव्हतं आणि उस्मानभाऊंनी घरातदेखील तो विषय काढू दिला नव्हता.

ते बोलले फक्त एका परक्या माणसाजवळ. एका पावसाळ्यात एक तरुण दिग्दर्शक लिहायला म्हणून त्या बंगल्यात दोन महिने राहिला. तो आमच्याबरोबर मंगळवारी बसायचा. उस्मानभाऊंना तो आवडला, कारण बघताना तो हलत नसे. एका दुपारी त्यांनी त्याला उंबऱ्याची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "भाऊ, मी हे लिहू का?" ते म्हणाले, "लिव्ह. पन खरं लिव्ह."

त्याने लिहिलं, त्याचा सिनेमा केला, आणि त्या सिनेमाला देशातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं.

वर्तमानपत्रात आलं की ही मावळातल्या एका गावातली घडलेली गोष्ट आहे. झालं. चार दिवसांत गावाला कळलं कोणतं गाव ते. कुणी सिनेमा बघितला नव्हता, पण गावाची बदनामी झाली यावर सगळ्यांचं एकमत. जत्रा पंधरा दिवसांवर. संतोष चार जणांना घेऊन उस्मानभाऊंकडे आला. मी तिथेच होते. तो उर्मटपणे बोलला नाही, हे मला कबूल करायला हवं. म्हणाला, "भाऊ, एवढंच बोला, की असं काही झालंच नाही. मी मोबाईलवर घेतो, ग्रुपवर टाकतो, विषय संपला. जत्रेला तुम्हीच आहात, आम्ही कुठं नाही म्हणतोय?"

उस्मानभाऊ म्हणाले, "मी अजून पिक्चर बघितला न्हाई."

"अहो, तुमच्यावरच आहे. बघायचं काय त्यात?"

"न बघता निकाल देत न्हाई मी. गावालाबी दावा. समद्यांनी बघू. मग सांगतो."

संतोषने कपाळाला हात लावला, पण कबूल झाला. मी आमच्या शाळेचा हॉल मागून घेतला. दिग्दर्शकाने सिनेमा पाठवून दिला. मालकांच्या परवानगीने बंगल्यावरचा प्रोजेक्टर आणि पडदा हॉलमध्ये आणून लावायचं ठरलं. पुढचा मंगळवार, दुपारी तीन वाजता.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर उस्मानभाऊ माझ्या वलवणच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चहा दिला तो तसाच राहिला. म्हणाले, "बाई, मी त्या पोराला समदं सांगितलं न्हाई."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. त्या जत्रेच्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला, मागच्या दाराने, आबा आले होते. हातात डबा. स्वतःच्या घरच्या वाट्यातलं मटण. आबा उंबऱ्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. म्हणाले, मी बैठकीत तोंड उघडलं नाही, उस्मान्या, माझाच पोरगा समोर होता. भाभींनी भाकऱ्या टाकल्या, तिघं एका ताटात जेवले. जाताना आबा म्हणाले, मी आलो होतो हे कुणाला कळू देऊ नको. उस्मानभाऊंनी शब्द दिला. तो शब्द त्यांनी दिग्दर्शकाजवळही पाळला.

"म्हंजी पिक्चरमदी कुनी येनार न्हाई," ते म्हणाले. "समदा देश बघतोय का ह्या गावातनं एक माणूस आला न्हाई. आन् आलता की. पिक्चर खोटा झाला तर त्यो माझ्यापायी."

मी म्हटलं, आबांचं नाव सरळ सांगून टाका. ते म्हणाले, शब्द दिलाय. मग मी जे म्हटलं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, तर मग संतोष म्हणतो तसं बोलून मोकळे व्हा. असं काही झालंच नाही म्हणा. जत्रा पार पडेल, तुम्हाला याच गावात राहायचंय. खोटं बोलली म्हणून मुलांना उन्हात उभं करणारी मी! त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. म्हणाले, "मी उंबऱ्यावर बसलो व्हतो, बाई. ते न्हाई म्हनू?"

जाताना दारात थांबले. "धोंड्या उभा ऱ्हाईल. मी नाव घेनार न्हाई. मी नुसती जागा करून देतो, उभा त्योच ऱ्हाईल. एवढा पिक्चर बघितल्यावर कसा न्हाई ऱ्हानार." त्यांची खात्री होती. मलाही वाटलं की राहतील.

हॉल गच्च भरला होता. बाया एका बाजूला, त्यांत जैतूनभाभी. आबा दुसऱ्या रांगेत, मांडीवर टोपी, शेजारी संतोष. उस्मानभाऊ सगळ्यांत पुढे, एकटे. आणि त्या दिवशी आबा झोपले नाहीत.

सिनेमा फार चांगला होता. मी नाव ठेवायला जागा शोधत होते, सापडली नाही. त्यातला मुलाणी झालेला नट सुरीला धार लावतो तेव्हा सुरीकडे बघत नाही, दाराकडे बघतो. तो उंबऱ्यावर बसतो आणि कॅमेरा त्याला सोडत नाही, ऊन त्याच्या पायावरून सरकत सरकत भिंतीवर जातं. त्याची बायको दोनदा पाणी आणून ठेवते. सुरुवातीला हॉलमध्ये कुजबुज होती, शिव्याही होत्या. नंतर काही ऐकू येईना. बायांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. शेवटी संध्याकाळ होते, तो माणूस उठतो, आत जातो आणि दार लावून घेतो. कुणी येत नाही.

दिवे लागले. चहा नव्हता, त्यामुळे निकालाआधी किती वेळ गप्प राहायचं ते कुणाला कळेना. संतोष उठून पुढे आला, मोबाईल धरला आणि म्हणाला, "बोला भाऊ."

उस्मानभाऊ उभे राहिले. आवाज नेहमीचाच.

"पिक्चर चांगला हाय. हात खरं हायेत. मी असाच बसलो व्हतो. एका जागी कमी पडलाय, आन् ती चूक त्या पोराची न्हाई, माझी हाय. मी त्याला अर्धंच सांगितलं. पिक्चरमदी कुनी येत न्हाई. पन त्या दिशी सांजंला एक जन माझ्या दारी आलता. घरच्या वाट्यातलं घिऊन आलता. माझ्या उंबऱ्यावर बसून रडला, माझ्या ताटात जेवला. नाव घ्यायचं न्हाई असा मी शब्द दिलाय. त्यो हितंच बसलाय. त्यानं नुसतं उभं ऱ्हावं, बोलायबी नगं. मग मी म्हनतो का पिक्चर अर्धा हाय, गाव एवढं वाईट न्हाई. लिवून देतो. त्या पोरालाबी सांगतो."

संतोषने मोबाईल खाली घेतला आणि मागे वळून बघायला लागला, कोण आहे म्हणून. सगळेच एकमेकांकडे बघायला लागले. मी आबांकडे बघत होते. त्यांनी टोपी दोन्ही हातांनी धरली होती. एकदा ते उठतायत असं मला वाटलं, गुडघ्यावर हात टेकले त्यांनी. तेवढ्यात संतोषची नजर त्यांच्यावर येऊन थांबली. त्याला काही कळलं होतं असं नाही, सगळ्यांवरून फिरत होती तशीच आली. आबांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली, आणि तसेच बसून राहिले.

मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडले नाही. शब्द माझा नव्हता.

उस्मानभाऊ थांबले होते. ते आबांकडे एकदाही बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. मग ते म्हणाले, "बरं. न्हाई आलं कुनी. मग पिक्चर बरोबर हाय."

आणि प्रोजेक्टर बंद करायला गेले.

त्यांना कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पेपरवाले नंतर विचारायला यायचे की गावाने वाळीत टाकलं का, तर तसंही काही नाही. जत्रेची पानसुपारी आली नाही, एवढंच. वाण्याने सामान दिलं, पण कसे आहात म्हणून विचारणं थांबलं. भाभींना ते सोसेना. रुखसाना लग्न होऊन सुदुंबऱ्याला होती, जावई तिथल्या एका कारखान्यात. दोन महिन्यांत ही दोघं तिच्याकडे राहायला गेली. बंगल्याच्या किल्ल्या उस्मानभाऊंनी मला दिल्या, मालकांना द्यायला. सगळ्यांत खालच्या कप्प्यात अकरा सिनेमे बघायचे राहिले होते.

मी आबांशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसले की मी मान फिरवायची. त्यांचं वय झालंय, पोराच्या हाताखाली दिवस काढायचेत, हे सगळं मला समजत होतं आणि तरी मी मान फिरवत होते. पावसाळा गेला, भात कापून झालं. एका दुपारी शाळा सुटताना ते फाटकाशी उभे. काठी टेकत आले होते. "बाई, मला उस्मान्याकडं घिऊन चला. मला एकट्याला गावायचं न्हाई." पत्ता देऊन वाटेला लावावं असं मनात आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी पर्स उचलली.

तळेगावपर्यंत लोकल, पुढे रिक्षा. रुखसानाचं घर कंपनीच्या रस्त्याला लागून, दोन खोल्या, पुढे छोटी पडवी. उस्मानभाऊ पडवीत बसून मोडकी खुर्ची सुतळीने विणत होते. अंगाने निम्मे झाले होते. आम्हाला बघून उठले, आबांच्या हाताला धरून त्यांना पायरी चढवली. "ये धोंड्या. बस." जसं काही कालच मंगळवार झाला होता.

पाणी झालं. भाताचं विचारून झालं, म्हशीचं विचारून झालं. भाभी मात्र आतून बाहेर आल्या नाहीत. रुखसाना माझ्याशी बोलत होती, आणि जावई कामावरून येऊन दारात बूट काढत होता. आबा एकदम म्हणाले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "उस्मान्या, मी आलतो. त्या दिशी सांजंला मीच आलतो."

जावयाचा हात बुटावर थांबला. रुखसानाने माझ्याकडे बघितलं. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

उस्मानभाऊंनी सुतळीचं टोक खुर्चीला अडकवून ठेवलं, सुटू नये म्हणून. मग आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मला ठावं हाय की रं, धोंड्या. मला कशाला सांगतूस?"